एक नंबर मोठा

२ नोव्हेंबर, रविवार

वळ गावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिवाळीला ही डायरी दिली. तारखा पुढच्या वर्षाच्या छापल्यात, त्या खोडून मी आजच्या घालते आहे. माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. लिहायची मात्र सवय नाही. एवढंच ठरवलंय की जे लिहीन ते खरं लिहीन. घरात मी आणि उन्नती दोघीच, आणि ज्यांवर आम्ही दोघी बोलत नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत.

काल ठाण्यात जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धा झाल्या. शंभर मीटरला उन्नती सगळ्यांच्या आधी भिंतीला लागली आणि बाद झाली. उडी मारल्यावर पाण्याखालून पंधरा मीटरपर्यंतच जाता येतं. तिथं दोरीवर वेगळ्या रंगाची खूण असते, तिच्या आत डोकं वर यायलाच लागतं. हिचं आलं नाही. वर बाकावर बसून मला वाटलं, आता ही येत नाही. दोनशेला दुसरी आली म्हणून राज्याला निवड झाली. वीस डिसेंबर, पुणे.

येताना बसमध्ये विचारलं, "खूण दिसली नाही का गं?"

"दिसली."

"मग?"

"अजून किती राहता येतंय ते बघत होते."

वेगासाठी करत असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

मृणाली मॅडमनी बोलावलं होतं. त्या उन्नतीला चार वर्षं शिकवतात. म्हणाल्या, "कमळताई, राज्याला साधा कॉस्च्यूम चालणार नाही. बाकीच्या मुली रेसिंग सूट घालून येतात. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, अंगाला गच्च. अंग थरथरत नाही, कापड पाणी धरत नाही. पण तो काही जादूचा नाही हं. आधी ही वेळेवर वर यायला हवी."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. कापड पाणी धरत नाही, एवढंच डोक्यात राहिलं.

त्यांनी सुटाची इंग्रजी माहितीपुस्तिका दिली. उन्नतीची डिक्शनरी घेऊन तीन तास वाचली. छाती आणि कंबरेखालचा घेर मोजून नंबर ठरतो. शिवण नसते, जोड चिकटवलेले असतात. घालताना नखं लागता कामा नयेत. साबण नाही, पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. आणि एवढं सांभाळूनही दहाबारा शर्यतींत त्याचा जोर जातो. लहान बाळासारखं जपायचं आणि वर्षही नाही टिकायचं.

उन्नतीने आज आणखी एका सलवारीची नाडी काढून इलॅस्टिक घालायला दिली. हे हिचं एक खूळच आहे. बुटांना लेस नको, पिशवीला चेन हवी. लहानपणी उलट होतं. ह्यांनी तिला होडीच्या गाठी शिकवल्या होत्या, तेव्हा घरातल्या प्रत्येक दोरीला गाठ असायची. खुर्चीला, बादलीला, माझ्या पदराला. आणि गाठीवर परत गाठ. हे ओरडायचे, "अगो, पान्यातल्या मानसाची गाठ एका वढीत सुटली पायजे." ती ऐकायची नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ठाण्याच्या दुकानात गेलो. जुबैदाला बरोबर नेलं. शेलारच्या लूममध्ये, म्हणजे मागाच्या कारखान्यात, आम्ही दोघींनी सतरा वर्षं कापड तपासलं. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकतंय, तुटलेल्या धाग्याची गाठ दिसली की चिमट्याने उचलायची. प्रत्येक कारागिराची गाठ वेगळी असते. गाठ बघून मी सांगायचे की हा पीस कोणाच्या लूमवरचा. मालक पाहुण्यांसमोर माझी परीक्षा घ्यायचा आणि मी कधी चुकले नाही.

दुकानदाराने दोन सूट काढले. एक विणीचा, बनियनसारखा, सगळीकडे ताणला जाणारा. दुसऱ्यात ताणाबाणा, उभे-आडवे धागे होते, पातळ आणि कडक, आडवा ताणला जाई, उभा जवळजवळ नाहीच. मी उजेडाकडे धरून पाहिला. एवढं बारीक काम आमच्याकडे कधी झालं नाही.

जुबैदा म्हणाली, "कमळ, ये कपडा है के फुग्याचा रबर? पोरगी आत जाईल कशी?"

दुकानदार हसला. "वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मावशी. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सरकवायचा."

"म्हंजे माणसाला पॅक करायचं."

मी पाण्याची बाटली मागितली. पहिल्या सुटावर थेंब टाकला, तो पसरून जिरला. दुसऱ्यावर टाकला, तो अळूच्या पानावर राहतो तसा उभा राहिला. जरा कलतं केलं तर घरंगळून गेला, मागे ओल नाही. मी परत टाकला. मग परत. जुबैदाने बाटली हातातून काढून घेतली.

उन्नतीने एकच विचारलं. "याला नाडी असते का?"

"मुलांच्या सुटाला असते. मुलींच्या नाही," दुकानदार म्हणाला.

"मग चालेल."

मापं घेतली. सव्वीस नंबर. दुकानात नव्हता, मागवून घरी पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, सव्वीस फार गच्च नाही का होणार? तर म्हणाला, गच्चच हवा.

१० नोव्हेंबर, सोमवार

उन्नती कॉलेजला गेल्यावर दुकानात फोन केला आणि अठ्ठावीस नंबर पाठवायला सांगितला. पोरगी सोळा वर्षांची, अजून अंग भरतंय. आपल्यात मुलांना नेहमी वाढत्या अंगाचंच घेतात. छाती आवळली तर श्वास कसा घेणार? शिवाय खरं सांगायचं तर त्या सुटातून तिला पटकन बाहेर काढता यायला हवं.

कशातून काढायचंय ते मला लिहिता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पार्सल आलं. सूट मुठीत मावतो. मी हळदीकुंकवाचं बोट आतल्या बाजूला लावलं. हे गेल्यापासून नव्या कपड्याला बोट लावायचं काम जाऊबाई करतात, माझ्याकडे कोणी देत नाही. आज मी कोणाला विचारलं नाही.

बोट लावताना आठवलं, ह्यांच्या रेनकोटला लावलं नव्हतं. रेनकोटला कोण कुंकू लावतं?

काळूराम भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ. सूट बघून म्हणाले, "वयनी, पोरीला पान्यान कशाला घालतंस? पानी आपल्या घराला सोसला न्हाय."

"तिलाच हवंय, भाऊजी."

"दादा खाडीत वाढलेला मासा व्हता. कमरंएवढ्या पान्यात तो बुडतोच कसा? सा वर्सं झाली, मना अजून झेपत न्हाय."

सगळं राहनाळ गाव हेच म्हणतं. केसरीनाथ बुडतोच कसा? मी चहा ठेवायला आत गेले. उन्नती ओट्याशी उभी होती, हातात कपबशी, न हलता. कपात चहा नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज तलावावर सूट घालून पाहिला. दहा मिनिटांत अंगात गेला. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. उन्नतीने उडी मारली, आणि पन्नास मीटर जाईपर्यंत पाठीवर फुगा आला. कंबरेच्या वर कापड सुटून आत पाणी भरलं होतं. ती हात मारत होती आणि पाठीवर पिशवी घेतल्यासारखी मागे खेचली जात होती.

मी उठून काठाशी गेले. मी ओरडले म्हणे. काय ओरडले ते आठवत नाही. उन्नतीबरोबर पोहणाऱ्या ऋतिकाची आई सांगते, "काढ ते, काढ ते" असं ओरडत होते.

मॅडमनी तिला बाहेर बोलावून पाठीचं कापड चिमटीत धरलं, तर अर्धा तांब्या पाणी निघालं. "हा सव्वीस नाही."

"मी अठ्ठावीस मागवला," मी म्हटलं.

"का पण?"

काय सांगणार? त्याच म्हणाल्या, "ताई, सैल कपडा पाण्यात सांभाळत नाही. ओढतो."

मला ते माहीत आहे. त्या तलावावर माझ्याएवढं ते कोणाला माहीत नसेल. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. तो रेनकोट मी घेतला होता. घोट्यापर्यंत लांब, ह्यांच्या मापापेक्षा एक नंबर मोठा, आत खांद्याला डबा लटकवला तरी कोरडा राहावा म्हणून. त्या पुराच्या दिवशी पोलीस ड्युटीवर जाताना हे म्हणाले, मला यात चालता येत नाही. मी म्हटलं, घाला मुकाट्याने. दुपारी वळच्या गोदामात पाणी शिरलं. टेम्पोच्या टपावर दोन मजूर अडकले होते, हे त्यांना आणायला उतरले. एकाला आणलं. दुसऱ्याला आणताना रस्त्याच्या कडेचा नाला दिसला नाही. मजूर वाचला. तो मला सांगायला आला होता की साहेब गळ्यापाशी काहीतरी ओढत होते, सारखे ओढत होते.

डोक्यावरच्या टोपीची नाडी. गाठ सुटली नाही, म्हणून कोट निघाला नाही.

बुडतोच कसा, म्हणतात. मी बुडवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. खोडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

वापरलेला सूट दुकान परत घेत नाही. तो आत घेता येईल का म्हणून जुबैदाने तिच्या भावाला, मुनीरला दाखवला. चाळीस वर्षं शिलाई मास्टर आहे. त्याने हात लावला आणि खाली ठेवला. "आपा, यात सुई घातली की संपला. भोकातून पाणी शिरेल. याला माणूस बदला, कपडा नको."

तसंच झालं. ऋतिका उन्नतीपेक्षा वीतभर उंच, तिला अठ्ठावीस बरोबर बसला. तिच्या आईने आत पाहून विचारलं, "हा पिवळा डाग कसला?"

"हळद आहे."

"सुटाला?"

"नवा होता ना."

तिने घडी घातली. जाता जाता म्हणाली, "राहू दे. माझ्या पोरीलाही लागेल."

सव्वीस नंबर आज मी स्वतः दुकानात जाऊन आणला. थेंब टाकून पाहिला नाही.

उन्नती सरावात अजून खुणेच्या पुढेच जाते. मॅडम काठावर शिट्टी वाजवतात, पण पाण्याखाली ती ऐकू येत नाही. आज पूर्ण लांबी खालूनच गेली. वर आली तेव्हा ओठ निळे होते. मॅडम चिडल्या. "कोणाशी शर्यत लावतेस गं तू? पुण्यात असं केलंस तर बाद. परत मी पाठवणार नाही."

ती म्हणाली, "मी मोजते, मॅडम. मधेच थांबता येत नाही."

"काय मोजतेस?"

ती टॉवेल घेऊन निघाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुण्याला न्यायची पिशवी माळ्यावर होती. ती काढताना मागची पत्र्याची पेटी पुढे आली. सहा वर्षं उघडली नव्हती. रेनकोट इस्पितळातच कापून काढला होता, तो आणलाच नाही. पण नाडीचा तुकडा मी मागून घेतला होता, गाठीसकट. का, ते माहीत नाही. गाठीला जपून कोणी ठेवतं का, तीही मी, जिने आयुष्यभर गाठी काढल्या?

तुकडा खिडकीशी नेला. कापड बघावं तसा उजेडात धरला. खरं तर तेव्हाही हातात घेतला होता, पण बघितला नव्हता.

ही ह्यांची गाठ नव्हे. ह्यांची एका ओढीत सुटे. माझीही नव्हे. मी एक फास मारते, दुसरा कधीच मारत नाही. चेकिंगवालीला दुहेरी गाठ बघवत नाही.

दोन कान काढून फुली मारलेली, शाळेत बुटाच्या लेसची शिकवतात तशी. वर परत एक फुली. त्यावर तिसरी. कान लहान, बोटभर. पिळा उजवीकडून डावीकडे, कारण मारणारी डावखुरी आहे.

मी चूक करू शकत नाही. मालक उभा असता तरी मी हेच नाव सांगितलं असतं.

उन्नती तेव्हा साडेनऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी दिली होती. मी आत डबा भरत होते. दाराशी हे खाली वाकले होते, ती हसत होती, "बाबा, टोपी उडणार नाही आता." आवाज आला होता मला. मी डब्याचं झाकण लावत होते.

१३ डिसेंबर, शनिवार

रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पिते, आणि सहा वर्षांत मला काही दिसलं नाही. इलॅस्टिक घालून देत बसले.

विचारू? विचारलं म्हणजे सांगितलंच. आणि तिने होकार दिला तर पुढे मी काय म्हणायचं? तू लहान होतीस? ते तिला माहीत आहे. त्याने काही सुटत नाही.

२० डिसेंबर, शनिवार. पुणे

सगळं जसं झालं तसं लिहिते.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच एका कोपऱ्यात. शर्यतीला चाळीस मिनिटं. पायात पिशवी घालून तिने पाय आत घातला. मी हातात सुती मोजे घातले होते, नख लागू नये म्हणून. बोटभर वर ओढायचं, सुरकुती हाताने पसरायची, परत बोटभर. गुडघ्यापर्यंतच दहा मिनिटं गेली. शेवटचं मी असं कापड ओलं आणि गार अंगावरून काढताना पाहिलं होतं. हे अंग ऊन होतं. मांडीवर काटा आलेला दिसत होता. मी मुद्दाम हळू केलं.

कंबरेवर आल्यावर तिने श्वास सोडला. "गच्च आहे, आई."

"गच्चच हवा."

"पाणी नाही ना जाणार?"

"नाही जाणार. मी बघितलंय."

मग मी तिच्या पाठीमागे गेले. तोंड दिसत असतं तर जमलं नसतं. खांद्यावर पट्टा ओढता ओढता म्हटलं, "बाबांच्या रेनकोटची टोपी. तिची गाठ मी मारली होती."

खांदा एकदम दगड झाला.

"त्या दिवशी. टोपी उडायची म्हणून मी घट्ट बांधली. तुला सांगायचं राहिलं."

बाहेर कोणाचं तरी नाव पुकारत होते. मग ती हळूच म्हणाली, "नाही. मी..."

"तू सोडवायला बघत होतीस. तू आधी एक मारली होतीस, ती मी सोडली आणि माझी मारली. तू लहान होतीस, तुला निम्मंच आठवतंय."

"डबल?"

"तिहेरी."

"तू कधी डबल मारत नाहीस."

"त्यानंतर नाही मारत," मी म्हटलं.

ती वळली. माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी पीस उजेडाकडे धरून बघते. मी नजर हलवली नाही. राग येईल, येऊ दे, असं ठरवून आले होते. जन्मभर राहिला तरी चालेल, मला वाहायची सवय आहे. तिने काय वाचलं माहीत नाही. दुसरा पट्टा स्वतःच वर ओढला आणि म्हणाली, "मागे नीट बसलाय का बघ."

मी तळहात फिरवला. कुठे सुरकुती नव्हती.

उडी मारल्यावर मी दोरीवरच्या खुणेकडे पाहिलंच नाही, डोळे मिटले. मॅडमनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची पकड सुटली तेव्हा उघडले. उन्नतीचं डोकं वर होतं. खुणेच्या हातभर अलीकडे. तोंड उघडून श्वास घेत होती.

भिंतीवरून वळताना तीन वेळा परत खाली जायचं होतं. तिन्ही वेळा वर आली. सहावी आली.

सूट काढताना तिला हुंदका आला. ओल्या अंगावर तो फारच चिकटतो. "आई, लवकर काढ, श्वास घेता येत नाही," म्हणाली, आणि मी काढला. माझ्या हातून निघाला.

२१ डिसेंबर, रविवार

घरी आलो. सूट गार पाण्यातून काढून सावलीत आडवा टाकलाय. दोरीवर लटकवला नाही.

दुपारी उन्नतीने डब्याची पिशवी कोपऱ्यातून काढली. तिचे बंद बांधत बसली होती. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणाली, "एका ओढीत सुटणारी कशी होती गं बाबांची? तुला येते?"

मला येत नाही. काळूराम भाऊजींना विचार म्हटलं. गेली आहे त्यांच्याकडे.

ती नाही तोवर नाडीचा तुकडा शेगडीत घातला. नायलॉन होतं, आधी वितळलं, मग जळलं. बाराव्या आणि तेराव्या तारखेची पानं आता फाडणार आहे, कालचं आणि हे आजचं पानही. तिला माझ्यासारखीच हाताला येईल ते वाचायची सवय आहे, एखाद दिवशी ही वही उघडेल. खरं लिहायचं ठरवून सुरू केली होती, बाकीचं सगळं तसंच राहू दे. कापायला लागेल ते एवढंच.

ती उघडेल त्या दिवसासाठी पुढच्या कोऱ्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवते. गाठ मी मारली होती.